थायॉल आणि त्याचे गणगोत : गंधकाच्या संयुगांची शब्दओळख

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आम्ही शाळेच्या वाटचालीचा आढावा घेऊ, अशी अनेकांची अपेक्षा असणार. इतिहासाच्या शिक्षकाकडून ती स्वाभाविकही आहे. परंतु आढावा घेणारे अधिकारी लेखक या अंकात पुष्कळ आहेत. आम्ही येथे एका पाठाविषयी लिहिणार आहोत, आणि तो पाठ आमच्या विषयाचा नाही. काही वर्षांपूर्वी विज्ञानशिक्षकाची जागा रिक्त होती. त्या काळात दहावीचा 'कार्बनी संयुगे' हा भाग आम्हांला शिकवावा लागला. शिकवला म्हणण्यापेक्षा मुलांसमवेत शिकलो, हेच खरे.

त्या दिवसांत एका पहाटे वंदना आटोपून मुले भोजनगृहाकडे निघाली होती. स्वयंपाकाच्या मावशी दारातच हात आडवा धरून उभ्या होत्या. "कोणी आत येऊ नका, दिव्याचं बटण दाबू नका, गॅसचा वास येतोय," असे त्यांनी बजावले. खिडक्या उघडल्या, टाकीचा रेग्युलेटर बंद केला आणि अर्ध्या तासाने चहा झाला. त्याच दिवशी वर्गात एका मुलाने विचारले, "सर, चांगला वास घालायचा सोडून गॅसला असला घाणेरडा वास का घालतात?" त्याच्या प्रश्नात एक माहिती आपोआपच दडलेली होती. हा वास गॅसचा नसून घातलेला असतो, हे त्याला कोठून तरी कळले होते. पुढचे आठ तास त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेले. ते उत्तर येथे क्रमाने मांडत आहोत.

'थायॉल' म्हणजे काय?

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे दाबाखाली द्रवरूप केलेले मिश्रण होय. या दोन्ही वायूंना रंग नाही आणि वासही नाही. त्यात अत्यल्प प्रमाणात 'इथाइल मर्कॅप्टन' नावाचे द्रव्य मिसळतात. त्याचेच शास्त्रीय नाव 'इथेनथायॉल'. एकाच द्रव्याला दोन नावे का, हे पाहण्यासाठी आधी शब्दाची फोड करू.

इथेनॉल हा शब्द विद्यार्थ्यांच्या ओळखीचा असतो. दोन कार्बन अणूंची साखळी आणि तिच्या टोकाला ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा जोडगट, म्हणजे इथेनॉल हे अल्कोहोल. या रेणूतील ऑक्सिजनचा अणू काढून तेथे गंधकाचा अणू बसवला की इथेनथायॉल तयार होते. आवर्तसारणीत ऑक्सिजन आणि गंधक एकाच, म्हणजे १६व्या गणात आहेत. गंधक ऑक्सिजनच्या लगेच खाली बसतो, त्यामुळे दोघांची संयुजा आणि जोडण्याची रीत मिळतीजुळती आहे. ग्रीक भाषेत गंधकाला 'थिऑन' म्हणतात. त्यावरून 'थायो' हे उपपद आले. एखाद्या नावात 'थायो' दिसले की ऑक्सिजनच्या जागी गंधक आला, असे समजावे. 'थायो' आणि अल्कोहोलचा 'ऑल' मिळून 'थायॉल' हा शब्द झाला. गंधक आणि हायड्रोजन यांच्या या जोडगटाला 'सल्फहायड्रिल गट' किंवा 'थायॉल गट' असे म्हणतात.

रचना सारखी, पण स्वभाव मात्र वेगळा. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे जोराने ओढतो, म्हणून अल्कोहोलचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून राहतात. गंधकाची ओढ त्या मानाने फारच कमी आहे. परिणाम असा की इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, तर त्याहून जड रेणू असलेले इथेनथायॉल ३५ अंशांनाच उकळते. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात उघड्यावर ठेवले तर ते बाटलीत टिकायचे नाही. ते सहज उडते, उडाले की नाकापर्यंत पोहोचते, आणि आपले नाक तर या गटाबाबत विलक्षण तीक्ष्ण आहे. हवेच्या एक अब्ज भागांत एखादा भाग एवढे इथेनथायॉल असले तरी ते माणसाला जाणवू शकते. म्हणूनच टाकीत ते नाममात्र घालून भागते. शेगडी पेटलेली असताना मात्र ते गॅसबरोबर जळून जाते, त्यामुळे स्वयंपाक करताना वास येत नाही.

येथे एक गंमत नोंदवावी. आपल्या भाषेतील 'गंधक' हा शब्दच मुळी गंधावरून आला आहे. प्रत्यक्षात शुद्ध पिवळ्या गंधकाला जवळजवळ वास नसतो. तो जळाला की सल्फर डायऑक्साइडचा ठसका लागतो, आणि हायड्रोजनशी जोडला गेला की दुर्गंधी सुटते. वास येतो तो संयुगांचा, पण नाव मात्र मूलद्रव्याला मिळाले.

पारा धरणारे द्रव्य

आता दुसरे नाव. १८३४ मध्ये कोपनहेगन येथील रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रिस्टोफर झाइझे यांनी हे द्रव्य प्रथम तयार करून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पाऱ्याच्या संयुगांशी ते अतिशय तत्परतेने जोडले जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. लॅटिनमध्ये 'पारा पकडणारे' या अर्थाचे 'मर्क्युरियम कॅप्टन्स' असे शब्द आहेत. त्यांचाच संक्षेप करून त्यांनी 'मर्कॅप्टन' हे नाव दिले. म्हणजे एक नाव रचनेवरून पडले आणि दुसरे वागण्यावरून. माणसांचीही नावे अशीच पडत असतात.

पारा आणि गंधक यांची ही ओढ भारतीय रसशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत होती. खलात पारा आणि गंधक एकत्र घोटून काळी भुकटी करतात, तिला 'कज्जली' म्हणतात. लाल 'हिंगूळ' हेही पारा आणि गंधक यांचेच नैसर्गिक संयुग होय. 'रसरत्नाकर' हा ग्रंथ नागार्जुनांच्या नावावर सांगितला जातो. मात्र हे रसायनी नागार्जुन आणि माध्यमिक तत्त्वज्ञानाचे आचार्य नागार्जुन एकच होते, असे मानायला पुरेसा ऐतिहासिक आधार नाही. नाव एक म्हणून व्यक्ती एक, अशी घाई इतिहासाच्या विद्यार्थ्याने करू नये.

नावांचा घोळ आणि त्याची उकल

पुस्तके बदलली की नावे बदलतात, आणि विद्यार्थी गोंधळतो. म्हणून या कुळातील प्रमुख संज्ञा एकत्र देतो.

थायॉल : कार्बन साखळीला गंधक-हायड्रोजन गट जोडलेला. जुने नाव मर्कॅप्टन. नाव तयार करताना मूळ हायड्रोकार्बनच्या पुढे 'थायॉल' लावायचे. मिथेनथायॉल, इथेनथायॉल ही उदाहरणे. हाच गट नावात दुय्यम ठरला तर पूर्वी 'मर्कॅप्टो' असे उपपद लावीत, आता 'सल्फॅनिल' लावतात.

थायोलेट : थायॉलमधील हायड्रोजन आयन निघून गेल्यावर उरणारा ऋणभारित आयन. थायॉल हे अल्कोहोलपेक्षा बरेच अधिक आम्लधर्मी असल्यामुळे तो सहज तयार होतो. धातूबरोबरच्या अशा संयुगांना जुन्या ग्रंथांत 'मर्कॅप्टाइड' म्हटले आहे.

सल्फाइड किंवा थायोईथर : गंधकाच्या दोन्ही बाजूंना कार्बन. हायड्रोजन सल्फाइड, लोहाचे सल्फाइड ही अकार्बनी नावेही याच शब्दाने होतात. म्हणून 'सल्फाइड' हा शब्द आला की पुढेमागे पाहून अर्थ ठरवावा.

डायसल्फाइड : दोन गंधक एकमेकांना जोडलेले आणि त्यांच्या दोन बाहेरच्या बाजूंना कार्बन. दोन थायॉल रेणूंनी एकेक हायड्रोजन गमावला की हा पूल बांधला जातो. क्षपण केले की पूल मोडतो आणि दोन थायॉल परत मिळतात.

सल्फॉक्साइड आणि सल्फोन : सल्फाइडमधील गंधकाला एक ऑक्सिजन जोडला गेला तर सल्फॉक्साइड, दोन जोडले गेले तर सल्फोन. कुष्ठरोगावरील डॅप्सोन हे औषध सल्फोनच आहे. १९४०च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि शतकानुशतके गावाबाहेर लोटलेल्या रोग्यांना प्रथमच खात्रीचा इलाज मिळू लागला. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचारातही डॅप्सोन आहे.

सल्फॉनिक आम्ल : थायॉलचे जोरकस ऑक्सिडीकरण केले की शेवटी तीन ऑक्सिजन धारण करणारे हे तीव्र आम्ल मिळते. कपडे धुण्याच्या पावडरीतील मुख्य घटक याच कुळातील आम्लाचे क्षार असतात.

थायाल : येथे एका अक्षराने अर्थ पालटतो. 'ऑल' हे अल्कोहोलचे चिन्ह आहे, 'आल' हे अल्डिहाइडचे. थायालमध्ये कार्बन आणि गंधक दुहेरी बंधाने जोडलेले असतात. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारे द्रव्य 'प्रोपेनथायाल एस-ऑक्साइड' हे याच जातीचे आहे.

कांद्याचा विषय निघाला म्हणून लसणाचेही सांगतो. अखंड पाकळीला फारसा वास नसतो. ठेचली की पेशी फुटतात, त्यांतील विकर आणि गंधकयुक्त द्रव्य एकत्र येतात व 'ॲलिसिन' तयार होते. १९४४ मध्ये कॅव्हॅलिटो आणि बेली या अमेरिकी संशोधकांनी ते वेगळे काढले. ते अस्थिर असते आणि त्यापासून डायसल्फाइडे तयार होतात. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८४४ मध्ये, वर्थाइम यांनी लसणाच्या तेलाचा अभ्यास केला होता. लसणाच्या लॅटिन नावातील 'अ‍ॅलियम' वरून रसायनशास्त्रात 'अ‍ॅलिल' हा शब्द आला तो तेव्हापासून. ठेचा करताना आमच्या आईच्या पाट्यावर जी अभिक्रिया रोज होत असे, तिचे नाव आम्हांला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळले.

आपल्या देहातील गंधक

थायॉल म्हणजे केवळ दुर्गंधी, असा समज होऊ नये. प्रथिने ज्या वीस अमिनो आम्लांपासून बनतात त्यांत सिस्टीन आणि मेथिओनीन ही दोन गंधकयुक्त आहेत. सिस्टीनमध्ये थायॉल गट असतो. दोन सिस्टीन डायसल्फाइड पुलाने जोडली की मोठे रेणू विशिष्ट आकारात दुमडून स्थिर राहतात. इन्सुलिनच्या २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या दोन अशा पुलांनी एकमेकींशी बांधलेल्या असतात. तिसरा पूल लहान साखळीच्या आतच असतो. केसांतील केरॅटिनमध्ये असे पूल विपुल असतात. केस जळाले की जो उग्र वास येतो त्यात या गंधकाचा वाटा मोठा आहे. केस कायमचे कुरळे करणारे आधी थायोग्लायकोलिक आम्लाच्या साहाय्याने हे पूल मोडतात, केसांना हवे तसे वळण देतात आणि ऑक्सिडीकरणाने पूल पुन्हा बांधतात.

पारा आणि आर्सेनिक विषारी का, याचेही एक उत्तर येथेच मिळते. शरीरातील अनेक विकरांचे काम थायॉल गटांवर चालते. 'पारा धरणे' हा त्या गटाचा स्वभाव असल्यामुळे विष नेमके तेथे चिकटते आणि विकर निकामी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्ड येथे रुडॉल्फ पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्सेनिकयुक्त युद्धवायूवर उतारा शोधला. त्या रेणूत दोन थायॉल गट शेजारीशेजारी आहेत. विकराआधी तोच विषाला पकडतो. पुढे तेच 'डायमर्कॅप्रॉल' आर्सेनिक आणि पारा यांच्या विषबाधेवर औषध म्हणून वापरात आले. झाइझे यांनी पाहिलेला गुण असा शंभरेक वर्षांनी औषधाच्या कामी आला.

एका शाळेची गोष्ट

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचे गाव आहे. तेलविहिरींच्या उत्पन्नामुळे तेथील शाळा संपन्न होती. तरीही खर्च वाचावा म्हणून शाळेने तेलक्षेत्रातील वाया जाणारा नैसर्गिक वायू आपल्या नळाला जोडून घेतला होता. त्या वायूला वास नव्हता. तो गळून इमारतीखालच्या पोकळीत साचत गेला आणि कोणाला काही कळले नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी, शाळा सुटण्यास थोडाच अवधी असताना, कार्यशाळेतील विजेच्या यंत्राची ठिणगी पडली आणि स्फोट झाला. सुमारे तीनशे मुले आणि शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही आठवड्यांतच टेक्सासच्या विधिमंडळाने वायूला ओळखता येईल असा वास घालणे बंधनकारक केले, आणि ही पद्धत पुढे सर्वत्र गेली.

हे सांगून झाल्यावर वर्ग बराच वेळ गप्प होता. मग प्रश्न विचारणारा मुलगाच म्हणाला, "म्हणजे सर, घाण वास येतो म्हणून आपण वाचतो." पाठ्यपुस्तकातील कोणत्याही वाक्यापेक्षा हे वाक्य आम्हांला मोलाचे वाटले.

जो वास फसवतो

परंतु पाठ येथे संपत नाही. वासावर विसंबणे जेथे घातक ठरते, असेही एक संयुग या कुळाच्या शेजारीच आहे. थायॉलमधील कार्बन साखळी काढून तेथे हायड्रोजन ठेवला की उरतो हायड्रोजन सल्फाइड. प्राणवायू नसलेल्या घाण पाण्यात विशिष्ट जिवाणू सल्फेटपासून हा वायू तयार करतात. गटारे, मैलाटाक्या, बंद विहिरी येथे तो साचतो. तो हवेपेक्षा किंचित जड असल्यामुळे तळाशी राहतो. अत्यल्प प्रमाणात त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. मात्र हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे शंभर भाग झाला की घ्राणेंद्रियच बधिर होते आणि वास येईनासा होतो. प्रमाण पाचशे ते हजाराच्या घरात गेले की माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडून दगावतो. पेशींमधील श्वसनाचे विकर या वायूने बंद पडते. थायॉल जागे करते, हा वायू आधी पहारेकऱ्याला झोपवतो.

अनेक वर्षांपूर्वी आमच्या वर्गात असा एक मुलगा होता, ज्याचे वडील मैलाटाकीत उतरून परत आले नाहीत. त्यांना काढायला उतरलेला त्यांचा सोबतीही गेला. मुलगा एवढेच सांगे, "बाबा आधी डोकावले आणि म्हणाले, आता वास नाही." त्या वाक्याचा अर्थ तेव्हा आम्हांला कळला नव्हता. रसायनशास्त्राचा हा पाठ वाचताना तो कळला. तो दिवस आम्ही विसरू शकत नाही. वास गेला म्हणजे वायू गेला, असे त्यांना वाटले असावे. खरे तर वास घेणारे नाक गेले होते.

या कामाला कोणत्या वस्तीतील माणसे उतरवली जातात, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला आणि संरक्षक साधनांवाचून गटारात किंवा मैलाटाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा ठरला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या अशा मृत्यूंसाठी कुटुंबीयांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही रक्कम ३० लाख केली. कायदा आहे, निकाल आहेत, तरीही मृत्यूच्या बातम्या येतच राहतात.

हात आणि बुद्धी

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे नाव या प्रसंगी घेतले पाहिजे. पाऱ्याच्या संयुगांवरील संशोधनासाठी ते प्रसिद्ध होते, आणि पुढे कलकत्त्यात त्यांनी मर्कॅप्टन व धातू यांच्या संयुगांवरही वर्षानुवर्षे काम केले. त्यांनी भारतीय रसायनाचा इतिहास दोन खंडांत लिहिला. पहिला खंड १९०२ मध्ये आणि दुसरा १९०९ मध्ये आला. भारतात एकेकाळी बहरलेले रसायन पुढे का खुंटले, याची मीमांसा करताना त्यांनी जातिव्यवस्थेवर बोट ठेवले. हाताने काम करणारे खालचे ठरले, विचार करणारे त्या कामापासून दूर गेले, आणि प्रयोगातून येणारी जिज्ञासा आटली, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

गटाराशेजारी उभे राहिले की हे विवेचन समजते. जो खाली उतरतो त्याला वायूचे नाव माहीत नसते. ज्याला नाव माहीत असते तो उतरत नाही, आणि उतरणाऱ्याला सांगायलाही जात नाही. ज्ञान आणि श्रम यांच्यामधली ही भिंत पाडणे, हेच आमच्यासारख्या वसतिगृहयुक्त शाळांचे काम आहे. आमच्या मावशी रसायनशास्त्र शिकल्या नव्हत्या, तरी पहाटे वासाचा अर्थ त्यांनी आमच्याआधी लावला. त्यांना नाव सांगावे आणि त्यांच्याकडून सावधपणा शिकावा, अशी देवघेव वर्गात व्हायला हवी.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना तीन गोष्टी सांगून लेख पुरा करतो. घरात गॅसचा वास आला तर ठिणगी टाळा, विजेचे कोणतेही बटण चालू-बंद करू नका, दारे-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवा. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो, हे लक्षात ठेवा. गटार, मैलाटाकी किंवा बंद विहीर यांच्याबाबत मात्र वासावर मुळीच विसंबू नका. वास नाही म्हणून कोणी उतरू नये आणि आत पडलेल्याला काढण्यासाठी साधनांवाचून दुसऱ्यानेही उतरू नये. आणि तुम्हांला, तुमच्या वस्तीतील कोणाला, कोणी असे उतरायला सांगितले, तर नकार देण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. तो अधिकार वापरा.

त्या मुलाने शिक्षण पूर्ण केले. आज तो एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. मागच्या वर्षी भेटायला आला तेव्हा आम्ही त्याला हा पाठ सांगितला. तो शांतपणे ऐकत राहिला आणि जाताना म्हणाला, "सर, पुढच्या वर्गाला हे आधी शिकवा." तेव्हापासून दहावीच्या विज्ञानशिक्षकांच्या संमतीने आम्ही दरवर्षी एक तास मागून घेतो आणि हा पाठ शिकवतो.